गोड पाण्याचा एक पेला

महिन्याची ९ तारीख. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातल्या बाकावर सात-आठ गरोदर बाया दाटीवाटीने बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, जुने रिपोर्ट, सोनोग्राफीचा घडी पडलेला कागद. आत परिचारिका ग्लुकोजचा पुडा फोडते. बरोबर ७५ ग्रॅम. ते साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात ढवळून पेला पुढे करते आणि घड्याळाकडे बघून वेळ लिहून ठेवते. पाच ते दहा मिनिटांत पेला रिकामा व्हायला हवा. पहिला घोट बरा लागतो, तिसऱ्या घोटाला तोंड फिरतं. आधीच मळमळणाऱ्या बाईला हे पाणी संपवणं सोपं नाही.

त्यानंतर दोन तास थांबायचं आणि मग रक्त द्यायचं. घोटाळा होतो तो याच दोन तासांत. कुणाची एसटी चुकणार असते, कुणाची लहान मुलगी शेजारणीकडे असते, कुणाला वाटतं की मला काहीच होत नाही, तर कशाला थांबू? आणि ती उठून जाते. गरोदरपणातल्या मधुमेहाची सगळी गोष्ट या ‘मला काहीच होत नाही’पाशी येऊन थांबते. या आजारात बहुतेकींना खरोखरच काही होत नाही. तहान लागली तर उन्हाळा आहे असं वाटतं, वारंवार लघवीला जावं लागलं तर पोट वाढलंय असं वाटतं, थकवा तर दिवस गेल्यावर येतोच. लक्षणांवरून हा आजार ओळखता येत नाही. तो शोधावा लागतो, आणि शोधायचा एकच भरवशाचा मार्ग म्हणजे रक्ताची तपासणी.

लघवीतल्या साखरेवर विसंबून चालत नाही. गरोदरपणात मूत्रपिंडातून थोडी साखर एरवीही गळू शकते, त्यामुळे ‘लघवीत साखर आली’ म्हणजे मधुमेह झालाच असं नाही आणि ‘लघवी साफ आहे’ म्हणजे सुटलो असंही नाही.

भारतातली ही तपासणी इतकी सुटसुटीत झाली, त्याचं मोठं श्रेय चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांना जातं. खेड्यातून दोन बस बदलून येणाऱ्या बाईला ‘उद्या उपाशीपोटी या’ सांगितलं, तर ती उद्या येत नाही, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं होतं. म्हणून बाई जेवून आलेली असो वा उपाशी, त्याच दिवशी ग्लुकोज द्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासायचं, अशी पद्धत त्यांनी मांडली. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीच पद्धत आहे. दोन तासांनंतरची साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह धरला जातो. १० मार्च हा डॉ. शेषय्यांचा जन्मदिवस देशात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

तपासणी दोनदा करायची असते. दिवस राहिल्यावर पहिल्यांदा नाव नोंदवायला जाताना एकदा, आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात, पुन्हा. पहिली चांगली आली म्हणून दुसरी सोडू नये. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत करतात. अर्ध्या तासानंतर झाली, तर तीच पुढे चालू ठेवतात. दोन तास बाकावरच बसावं, मध्ये काही खाऊ नये, आणि घरून निघतानाच ‘आज मला दुपार होईल’ असं सांगून निघावं.

दुसऱ्या तपासणीचं कारण वारेत आहे. वार म्हणजे बाळाचं स्वयंपाकघर. आईच्या रक्तातलं अन्न तिच्यातून बाळाकडे जातं. पोट जसं वाढतं तशी वारही वाढते आणि तिच्यातून अशी संप्रेरकं सुटतात की आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो. बाळाला साखर सतत मिळत राहावी, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढतं. ज्यांचं पुरं पडत नाही, त्यांची शुगर चढते. म्हणूनच तिसऱ्या महिन्यात चांगला आलेला रिपोर्ट सातव्या महिन्यात बदलू शकतो.

आईची साखर वारेतून पलीकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. जास्तीच्या साखरेचा सामना बाळाला आपल्या इवल्या स्वादुपिंडाने करावा लागतो. ते भराभर इन्सुलिन तयार करतं आणि त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी चढते. डेन्मार्कचे डॉ. पेडरसन यांनी ही उकल गेल्या शतकाच्या मध्यावर मांडली होती. असं बाळ दिसायला गुटगुटीत असतं आणि आजी खूश होते. पण डोकं बाहेर आल्यावर त्याचे खांदे अडकू शकतात, हाताच्या नसेला इजा होऊ शकते, आईला टाके जास्त पडतात किंवा सिझर करावं लागतं. जन्मल्याबरोबर नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाच्या अंगातलं इन्सुलिन मात्र लगेच ओसरत नाही. मग तासा-दोन तासांत बाळाची साखर घसरते, ते थरथरतं किंवा सुस्त पडतं आणि काही वेळा पेटीत ठेवावं लागतं. गर्भजल वाढणं, कळा वेळेआधी सुरू होणं, कावीळ, श्वासाचा त्रास हे धोकेही वाढतात. साखर बराच काळ बेफाम राहिली, तर पोटातच बाळ दगावण्याची भीती असते. हे कुणालाही घाबरवायला लिहिलेलं नाही. साखर आवाक्यात ठेवली तर यातलं बरंचसं टळतं, एवढ्यासाठीच ते माहीत असायला हवं.

‘मी तर बारीक आहे, मला कसली शुगर?’ हा प्रश्न दवाखान्यात रोज ऐकू येतो. त्याचं उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी अशी लपून असते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं. तिथली नवजात बाळं वजनाने साधारण २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी लहान, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणून आपल्याकडे ‘ही जाड आहे, हिची तपासा’ अशी निवड करून चालत नाही. सरकारी सूचना सरसकट प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायला सांगतात, आणि ते बरोबर आहे.

ज्यांना दिवस राहण्याआधीपासूनच मधुमेह आहे, त्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक. आता तिशीतच मधुमेह निघतो, तेव्हा अशा तरुणी थोड्या नाहीत. बाळाचं हृदय, मेंदू, पाठीचा कणा यांची घडण पहिल्या आठ आठवड्यांतच होते. पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांत मेंदू आणि कण्याची नळी मिटलेलीही असते. त्या काळात साखर जास्त असेल तर बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो, आणि तेव्हा अनेकींना आपल्याला दिवस गेलेत याचा पत्ताही नसतो. त्यामुळे मधुमेह असलेल्या बाईने मूल हवं असं ठरलं की आधी डॉक्टरांकडे जावं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए-वन-सी चाचणी शक्यतो ६.५ च्या खाली येईपर्यंत थांबावं, फॉलिक अ‍ॅसिड आधीच सुरू करावं, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड तपासून घ्यावं. पडद्याचा आजार गरोदरपणात झपाट्याने वाढू शकतो. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या या काळात चालत नाहीत, पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

आता स्वयंपाकघराकडे. गरोदरपणातल्या मधुमेहाचा निम्माअधिक उपचार तिथेच होतो, आणि अडचणीही तिथेच असतात.

‘आता तू दोन जिवांची, दोघांचं खा,’ हे प्रेमाचं वाक्य आहे, पण हिशेब चुकीचा आहे. पोटातला जीव पूर्ण ताटाचा नाही. पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ काहीच जादा लागत नाही, आणि पुढेही एखाद्या भाकरीवर वाटीभर उसळ इतपतच वाढ पुरते. डॉक्टर साधारणपणे तीन लहान जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा थोडं खाणं असं वेळापत्रक देतात. एकदम भरपेट जेवलं की साखर उसळते, फार वेळ उपाशी राहिलं तरी ती बिघडते.

भाकरी बंद, भात बंद असा फतवा काढायची गरज नसते. ताटातल्या वाट्या तेवढ्या इकडच्या तिकडे करायच्या. भाताचा डोंगर आणि वरणाची चमचाभर धार हे उलटं करून वरण घट्ट आणि जास्त, भात मुठीएवढा, शेजारी मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, वाटीभर ताक. ज्वारी-बाजरीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा कधीही चांगली. नाश्त्याला नुसते पोहे खाण्यापेक्षा मूठभर मोड आलेली मटकी घातलेले थोडे पोहे, किंवा मुगाचं धिरडं. जिच्या घरात चालतं तिने अंडं खावं. चहात गूळ घातला म्हणून साखर टळत नाही. रक्तात गूळ, मध आणि साखर यांची वागणूक जवळपास सारखीच. मारी बिस्किटं ‘बिनसाखरेची’ म्हणून डझनाने खाल्ली जातात, त्यांत मैदा असतो आणि साखरही असते. फळ चावून खावं, रस काढून पिऊ नये. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या दोन फोडी जमवता येतात, आमरसाची वाटी मात्र जमत नाही.

उपवासाचं तर वेगळंच सांगायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाल्ली, तर साखरेचा आलेख आधी खाली, मग एकदम वर. गरोदर बाईने उपवास धरू नये, हे घरातल्या मोठ्यांनीच तिला आधी सांगावं. तिने स्वतः म्हटलं तर तिला वाईट वाटतं, सासूने म्हटलं की ती मोकळी होते.

डोहाळजेवणाचंही तसंच. सातव्या महिन्यात, म्हणजे नेमकी शुगर चढण्याच्या काळात, पाचजणी ओटी भरतात आणि प्रत्येकीला आपल्या हातचा घास भरवायचा असतो. हिरवी साडी, फुलांची वाडी, फोटो सगळं होऊ दे. भरवायला खमंग काकडी, मुगाची कचोरी, नारळाची वडी चिमूटभर, असं आधीच ठरवलं तर कुणाचा हिरमोड होत नाही. घरातल्या एकीने हे सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून टाकावं.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हे सगळ्यात स्वस्त औषध. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर दिवसभरात मिळून अर्धा तास चालणं व्हावं. गच्चीवर, अंगणात, चाळीच्या गॅलरीत, कुठेही.

साखर घरी मोजायची असेल तर आधी हात साबणाने धुवून कोरडे करावेत. आंबा कापलेल्या बोटातून थेंब काढला तर ग्लुकोमीटर आंब्याची साखरही मोजतो आणि बाई उगाच घाबरते! बोटाच्या टोकाला टोचण्याऐवजी कडेला टोचलं तर कमी दुखतं. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या खाली हे उद्दिष्ट असतं. आकडे वहीत लिहावेत, त्यासमोर काय खाल्लं तेही लिहावं. डॉक्टरांना ही वही पाहिली की दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत.

दोन आठवडे आहार सांभाळूनही साखर खाली आली नाही, तर डॉक्टर मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. इथे घरोघरी एकच भीती असते, की इन्सुलिन एकदा लागलं ते कायमचं. गरोदरपणातच सुरू झालेल्या मधुमेहात बहुतेकींचं इन्सुलिन बाळंतपणानंतर थांबतं. ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही, म्हणून बाळाच्या दृष्टीने ते निर्धोक. कारल्याचा रस, मेथ्यांचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड यांनी त्याची जागा भरून निघत नाही. कुपी फ्रीजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज नसेल तर पाण्याने गार राहणाऱ्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी. इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला आणि हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून प्यावं, मग काही खावं, आणि डॉक्टरांना कळवावं.

मधुमेह एकटा येत नाही. ज्यांना तो आहे त्यांच्यात रक्तदाब वाढण्याचा धोकाही जास्त. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं, तर ते अंगावर काढण्यासारखं नसतं. जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, बरगड्यांखाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जावं. यातून झटके येऊ शकतात, आणि ते आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेततात. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं साधं, स्वस्त इंजेक्शन आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्यावर आणला. पण ते मिळायला बाई वेळेत पोहोचावी लागते.

रक्त कमी असणं तर आपल्याकडे इतकं नेहमीचं झालंय की कुणी दचकतही नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. या प्रश्नाचा एक धागा मुंबईतच उलगडला होता. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने त्यांचं रक्त सुधारतं, हे तिला दिसलं. त्यातला तो घटक म्हणजे पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखलं गेलेलं जीवनसत्त्व. आज आशाताई जी लाल गोळी देते, तिच्यात लोहाबरोबर तेच फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती रोज एक, सहा महिने गरोदरपणात आणि सहा महिने बाळंतपणानंतर घ्यायची. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. काळी शी होते, त्याला घाबरू नये.

थायरॉइडचं थोडक्यात. आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं, कारण बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळ या संप्रेरकासाठी आईवरच अवलंबून असतं. गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब.

मधुमेह आहे म्हणून सिझर झालंच पाहिजे, असं नसतं. साखर काबूत असेल आणि बाळ फार मोठं नसेल, तर नॉर्मल बाळंतपणाची वाट पाहता येते. मात्र ते अशा रुग्णालयात व्हावं जिथे बाळाची साखर तपासायची आणि सिझरची सोय आहे. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी लावावं. त्याची साखर टिकवायला आईचं दूध हाच पहिला उपाय आहे, मध किंवा गुटी नको.

आणि मग बाई माहेरी जाते. फाइल सासरच्या कपाटात राहते, आईकडे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू तयार असतात, घरातली सगळी नजर बाळावर. शुगर होती ती गेली, असं सगळेच धरून चालतात. पण गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा किमान सातपट असतो, हे अनेक अभ्यास एकत्र पाहून दिसलं आहे. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते, या वेळी उपाशीपोटी आणि पुन्हा तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज. ती चांगली आली तरी पुढे दरवर्षी साखर तपासावी, आणि दुसरं मूल हवं असेल तर आधी. अंगावर पाजणाऱ्या बाईला पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसतं, हेही तिला कुणीतरी सांगायला हवं.

बाळंतपणानंतरची ही तपासणी फार मोठ्या संख्येने राहून जाते. ती लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती आहे. बाळाची दीड महिन्याची लस नेमकी त्याच सुमारास येते. त्या दिवशी बाळाला घेऊन निघताना आईनेही उपाशीपोटी निघावं, पिशवीत जुनी फाइल आणि नंतर खायला डबा घ्यावा, आणि लस झाल्यावर दोन तास तिथेच थांबावं. माहेरी निघण्यापूर्वी ती तारीख कार्डावर लाल पेनाने लिहून ठेवा, आणि फाइल बॅगेत पहिल्यांदा ठेवा.